दुसरं रक्त

डॉक्टर त्रिशला मगदूम यांनी माझं आडनाव कधीच वापरलं नाही. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मुलाखतीला गेलो तेव्हा माझी सगळी प्रमाणपत्रं त्यांच्या टेबलावर होती आणि त्यांवर नाव चांगलं ठळक अक्षरांत होतं. पण मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिला प्रश्न विचारला, "गाव कुठलं?"

"शिरवळ. सातारा जिल्हा."

"पाणी रोज येतं का दिवसाआड?"

विषाणूंवर विचारतील म्हणून मी रात्रभर पाठांतर करून गेलो होतो. पाण्याचं काही पाठ केलं नव्हतं. "दिवसाआड," म्हणालो.

"म्हणजे घरात पिंप असणार. झाकण?"

"असतं कधी कधी."

"डेंगी कुणाला झाला होता?"

"आईला."

"बसा, शिरवळकर," मॅडम म्हणाल्या. ही नोकरी मिळाल्याची खूण होती, हे मला दोन दिवसांनी पत्र आल्यावर कळलं.

विषाणू आडनाव विचारत नाही, पत्ता विचारतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे प्रयोगशाळेत सगळ्यांची नव्यानं बारशी झालेली होती. जीप चालवणारा तानाजी विट्याचा म्हणून विटेकर, रक्त काढणाऱ्या सिस्टर तासगावकर आणि मी शिरवळकर. पगाराच्या दिवशी कुणी खऱ्या नावानं हाक मारली की आम्ही मागं वळून बघायचो, कुणाला बोलावतायत म्हणून.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या गावांत जो काही ताप येईल तो कुठल्या विषाणूचा आहे हे शोधायचं, हे आमचं काम. कोरोना सरल्यावर लोकांना विषाणू या शब्दाचाच कंटाळा आला होता. घराच्या पायरीवर आम्ही दिसलो की आतून दार ओढून घेतल्याचा आवाज यायचा. पण मॅडम दिसल्या की दार पुन्हा उघडायचं, याचं एक कारण त्यांचा आवाज. बुटकी, भरल्या अंगाची बाई, सुती साडी, पायांत खेळाडूंचे पांढरे बूट आणि आवाज असा की फोन न लावता मिरजेला ऐकू जावा. त्या गल्लीच्या तोंडालाच "आहे का कुणी घरात?" म्हणायच्या आणि शेवटच्या घरातली म्हातारीसुद्धा "हाय हाय" म्हणत बाहेर यायची.

मॅडमचं घर कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याचं. थोरला भाऊ गावी ऊस-सोयाबीन बघतो. आमच्या मॅडम शिकून विषाणूंच्या मागं लागल्या खऱ्या, पण घरचे नियम त्यांनी सोडले नाहीत. त्यातला पहिला, सूर्य मावळायच्या आत जेवण. या एका नियमामुळे आमचं सगळं वेळापत्रक सूर्याच्या हातात होतं. जीप कुठंही असो, ऊन पिवळं पडायला लागलं की मॅडम म्हणायच्या, "विटेकर, सावली बघा," आणि डबा उघडला जायचा. एकदा एका मोठ्या कार्यक्रमात त्यांना व्यासपीठावर बसवलं होतं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण मारुतीच्या शेपटीसारखं वाढत चाललं आणि बाहेर सूर्य उतरत चालला. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा खिडकी बघितली आणि पिशवीतून डबा काढून शांतपणे धपाटे खायला सुरुवात केली. शेजारच्या साहेबांना दचकलेलं बघून त्यांनी डबा त्यांच्यापुढंही सरकवला. साहेबांनी एक घेतला. प्रमुख पाहुण्यांनी मात्र भाषण आवरतं घेतलं, त्याबद्दल सभागृहानं मनातल्या मनात मॅडमचे आभार मानले असतील.

दुसरा नियम अहिंसेचा. डासांवर काम करणाऱ्या बाईनं हा नियम कसा पाळायचा, याबद्दल आम्ही त्यांना फार छळायचो. मॅडम हातावर बसलेला डास कधीच मारायच्या नाहीत. फुंकर घालून उडवायच्या. पण घरांतून डास पकडून आणायची नळी पिशवीत कायम असायची आणि पकडलेल्या डासांचा प्रयोगशाळेत विषाणू शोधण्यासाठी कूट होतो हे सगळ्यांना माहीत होतं.

"मॅडम, इथं फुंकर आणि तिथं खलबत्ता?" मी एकदा विचारलं.

"तो हिशेब माझा आणि त्यांचा आहे. तुम्ही नळ्यांना लेबलं लावा, शिरवळकर."

हा हिशेब त्या वर्षातून एकदा पुरा करायच्या. भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीचा दिवस येतो. त्या दिवशी घरोघर जाऊन, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी, असं एकमेकांना सांगायचं. सगळे लोक नातेवाइकांकडं जातात. मॅडम जीप काढून, वर्षभरात जिथं जिथं रक्त घेतलं त्या गावांत जायच्या. पायरीवर उभ्या राहून हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "तुम्हाला सुई टोचली, दुखलं असेल. क्षमा असावी." ज्यांनी रक्त द्यायला नकार दिला होता त्यांच्याकडंही जायच्या. "तुमच्या मागं लागले, त्रास दिला, क्षमा असावी." तासगावकर सिस्टरनी एकदा विचारलं, डासांचीही मागता का. मॅडम म्हणाल्या, "त्यांची सकाळी घरी उठल्या उठल्या मागते." हिशेब तपासणाऱ्या एका साहेबांनी या फेरीचं डिझेल कुठल्या कामाखाली टाकायचं म्हणून विचारलं होतं. मॅडमनी "पाठपुरावा" असं लिहून दिलं आणि ते खरंही होतं.

कारण आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे दुसरं रक्त. ताप आलेल्या माणसाचं एकदा रक्त घेऊन पुष्कळदा भागत नाही. त्यात काही खुणा दिसतात, पण त्या आजच्या तापाच्या की मागच्या कुठल्या, हे सांगता येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्याच माणसाचं पुन्हा रक्त घ्यायचं, आणि अँटिबॉडी पहिल्यापेक्षा वाढल्या असतील तर चोर सापडला म्हणायचं. "पहिलं रक्त म्हणजे प्रश्न आणि दुसरं रक्त म्हणजे उत्तर," मॅडम सांगायच्या. अडचण एवढीच की तापानं फणफणलेला माणूस पहिलं रक्त लगेच देतो. बरा झालेला माणूस दुसरं कशाला देईल? तो रानात गेलेला असतो किंवा घरात असून नसतो. भल्या भल्या संशोधकांचं काम या दुसऱ्या रक्तापाशी येऊन बसतं. मॅडमना मात्र लोक दुसरं रक्त द्यायचे. वर्षात एकदा दारात येऊन हात जोडणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं, हा त्यांचा पेच असायचा.

अशा या मॅडमनाही एका वस्तीनं नाही म्हटलं, त्याची ही हकिगत.

जतच्या पूर्वेला, जिथून पुढं कानावर कानडी पडायला लागते, तिथं मेंढपाळांची एक वस्ती आहे. आता थोडी ज्वारीही करतात, पण जीव मेंढरांत. प्यायचं पाणी टँकरचं. तो कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक दारात पिंपं आणि सिमेंटच्या टाक्या भरलेल्या, निम्म्या उघड्या. त्या साली श्रावणात वस्तीवर ताप आला. अंग तव्यासारखं तापायचं आणि सांधे असे धरायचे की धडधाकट गडी काठी टेकत चालायला लागले. निरोप मिळाला तसे आम्ही पोचलो.

वस्तीची मोठी मायाक्का नावाची म्हातारी. तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. ती स्वतः तापात होती, तरी पुढं येऊन बसली आणि म्हणाली, "घ्या बाई रगत, पर ह्यो कसला ताप हाय त्येवढं सांगा." मॅडमनी शब्द दिला.

आता घोळ असा की निम्म्या वस्तीचं नाव बिरू आणि उरलेल्या निम्म्याचं सिद्धू. बायकांत मायाक्काच मायाक्का. कुणाची नळी कुणाची हे चुकलं तर सगळंच वाया. यावर मॅडमची स्वतःची युक्ती होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. सहजी न जाणाऱ्या जांभळ्या शाईचा जाड मार्कर घ्यायचा आणि प्रत्येकाच्या मनगटावर नंबर लिहायचा. तोच नंबर नळीवर. त्यांनी स्वतःच्या हातानं सगळ्यांना नंबर घातले, मायाक्काच्या हाताला पहिला. रक्त घेऊन, पिंपं झाकायला सांगून, आम्ही खुशीत परत आलो.

पुढच्या आठवड्यात जीपमध्ये असताना मॅडमना भावाचा फोन आला. मॅडम फोन नेहमी स्पीकरवर ठेवायच्या, त्यामुळे त्यांच्या घरचं आम्हाला सगळं माहीत असायचं.

"त्रिशला, यंदा त्या जतच्या धनगरांस्नी रानात बसवायचं न्हाई, आसं गावानं ठरीवलंय," भाऊ म्हणाला. "त्यांच्यात कसला तरी ताप हाय म्हणं. मेंढरासंगं हिकडं यील."

"कुणी सांगितलं?"

"समदी म्हणत्यात."

"समदी म्हणजे तू आणि अजून कोण, दादा?"

मॅडमनी फोन ठेवला आणि बराच वेळ बाहेर बघत बसल्या. ही वस्ती दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठी उतरते. मोकळ्या झालेल्या रानात कळप बसवायचा, रानाला खत मिळतं, त्या बदल्यात मेंढपाळांना धान्य आणि मेंढरांना चारा. वस्तीचा सगळा हिवाळा यावर चालतो. आणि गंमत म्हणजे मायाक्काचा कळप दरवर्षी बसतो तो मॅडमच्या भावाच्याच रानात. हा ताप डासांचा आहे, मेंढरांचा नाही, असा मॅडमचा अंदाज होता. पण अंदाजावर त्या कधी बोलायच्या नाहीत. दुसरं रक्त हातात आल्याशिवाय गावाला सांगायला त्यांच्याकडं काही नव्हतं.

वेळ झाली तसे आम्ही दुसऱ्या रक्तासाठी वस्तीवर गेलो. मायाक्का दारात बसली होती. उठली नाही. मॅडमनी गल्लीच्या तोंडापासून हाक मारली होती, तरी एकही दार उघडलं नाही.

"आता न्हाई बाई," मायाक्का म्हणाली. "एकदा दिलं त्येवढं पुरं झालं."

मॅडमनी समजावून बघितलं. प्रश्न-उत्तराचं सांगितलं. म्हातारी जमिनीकडं बघत राहिली. मॅडमचं बोलणं पाण्यात पडतंय, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. शेवटी आम्ही परत फिरलो तेव्हा मायाक्काचा मुलगा सिद्धू जीपपर्यंत आला. त्यानं आपलं मनगट पुढं केलं. जांभळी शाई अजून पुसट दिसत होती.

"आमच्यात बाजारला काढल्याल्या बकऱ्याच्या अंगावर यापारी रंग मारतो, बाई," तो म्हणाला. "रंग मारला की ते कापाया जातं. तुमी आमच्या आईच्या अंगावर मारला. समद्या वस्तीच्या मारला. आई तवा तापात हुती, बोलली न्हाई. बायका लय रडल्या वं."

सिद्धूनं आणखी एक गोष्ट सांगितली. नदीकाठच्या गावांचे फोन आले होते, यंदा येऊ नका म्हणून. म्हणून वस्ती दिवाळीची वाट न बघता विजापूरच्या अंगाला निघायचं म्हणत होती, आठ-पंधरा दिवसांत. तिकडं चारा कितपत मिळेल याचा भरवसा नव्हता. आणि एकदा कळप तिकडं पांगले की दुसरं रक्त मिळणं संपलं.

सांगलीपर्यंत मॅडमनी डबा उघडला नाही. ऊन पिवळं पडलं, लाल झालं, गेलं. विटेकरनं दोनदा गाडी हळू केली. त्या दिवशी त्या उपाशी राहिल्या.

तीन-चार दिवसांनी क्षमावणी आली. मॅडम सकाळी म्हणाल्या की आज बाकीची गावं राहू देत, फक्त वस्तीवर जायचं. तासगावकर सिस्टरनी सवयीनं सुयांची पेटी जीपमध्ये ठेवली. मॅडमनी ती उचलून परत आत नेली.

"मॅडम, पेटी असू दे," मी म्हणालो. "मन वळलं तर? ते कधी निघतील सांगता येत नाही."

"क्षमा मागायला जाताना पिशवीत सुई घेऊन जायची? मग ती क्षमा नाही, शिरवळकर, ती लाच झाली." आणि पुढं म्हणाल्या, "आणि पेटी दिसली की मायाक्काला कळणारच. म्हातारी मेंढरं सांभाळते, तिला लांडगा ओळखता येतो."

पोचलो तेव्हा दुपार होती. मेंढरं चरायला गेली होती आणि वस्तीवर बायका-म्हाताऱ्याच होत्या. मॅडमनी बूट काढले, मायाक्कासमोर जमिनीवर बसल्या आणि हात जोडले.

"मी तुमच्या अंगावर खूण केली. तुमच्यात त्याचा काय अर्थ होतो हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. युक्ती माझी होती, या पोरांची नाही. माझं चुकलं. मला क्षमा करा."

मायाक्कानं त्यांच्याकडं बघितलं. मग आमच्याकडं, मग जीपकडं. "पेटी कुटं हाय?"

"आणली नाही."

"मग कशाला आलायसा एवढ्या लांब?"

"एवढंच सांगायला."

म्हातारी घरात तोंड करून नातीला कानडीत काहीतरी म्हणाली. नात आतून रंगाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. "हात करा फुडं," मायाक्का म्हणाली. मॅडमनी बाही वर केली. म्हातारीनं दोन बोटं डब्यात बुडवली आणि मॅडमच्या मनगटावर हिरव्यागार रंगाचे दोन पट्टे ओढले. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकीला तर ठसकाच लागला.

"झाली फिटंफाट?" मॅडमनी विचारलं.

"आता घ्या म्हणं रगत," मायाक्का म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "सुया सांगलीत आहेत."

यावर जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही. मायाक्का हसताना डोळे पुसत होती. "यव्वा, कसली वं तुमी डाक्टर," ती म्हणाली. "उद्या या. आमी कुटं पळतुय. दिवाळीपतोर थांबतो तुमच्यासाठनं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या सुईला मॅडमनी स्वतःचा हात पुढं केला, हिरव्या पट्ट्यांचा. मग मायाक्का आणि मग सगळी वस्ती. नंबर यावेळी कुणाच्याच अंगावर घातले नाहीत. तासगावकर सिस्टरनी प्रत्येकाला रंगीत धागा दिला आणि धाग्याला त्याच्या पहिल्या नंबरची चिठ्ठी बांधली. याला वेळ तिप्पट लागला आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

आमच्या चाचणीत एक प्लास्टिकची पट्टी असते, तिला छोटे छोटे खळगे. एकात पहिलं रक्त, शेजारी दुसरं. ज्यात अँटिबॉडी सापडतात तो खळगा पिवळा होतो, जास्त असतील तर गडद पिवळा. रंग चढत असताना मॅडम पट्टीकडं पाठ करून उभ्या राहायच्या आणि णमोकार मंत्र पुटपुटायच्या. यंत्रावर वेळ लावलेला असतानाही त्यांना ते लागायचंच. त्या दिवशी मी हाक मारली तेव्हा त्या वळल्या. ओळीनं, पहिलं रक्त फिकट आणि दुसरं हळदीसारखं. चिकुनगुन्या. उघड्या पिंपांतल्या डासांचा ताप. डॉक्टर त्रिशला मगदूम यांनी टाळी वाजवली आणि मला म्हणाल्या, "मिठाई आणा, पण ऊन आहे तोवर."

उत्तर आधी दारात, मग कागदावर, हा त्यांचा तिसरा नियम. निबंध वगैरे नंतर. आम्ही वस्तीवर जाऊन प्रत्येकाला त्याच्या रक्ताचं त्याला एकट्याला सांगितलं आणि तापाचं नाव सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. पिंपं त्याच दिवशी झाकली गेली.

राहिला होता भाऊ. त्याला फोनवर सगळं सांगून झालं. "तू म्हणतीस ते आसंल," तो म्हणायचा, "पर आमच्या गावात ह्यो ताप कवाच न्हवता. आता का आणायचा?" गावात कवाच नव्हता, या वाक्यावर तो असा ठाण मांडून बसला की उठेना.

भाऊबीजेला मॅडम माहेरी गेल्या, मलाही फराळाला बोलावलं होतं. ओवाळून झालं. भावानं ओवाळणीचं पाकीट काढलं तशा मॅडम म्हणाल्या, "पाकीट नको. यंदा ओवाळणीत रक्त पाहिजे."

"काय?"

"पाच मिली. गावात ताप नव्हता म्हणतोस ना? बघू."

भावानं वहिनींकडं बघितलं, वहिनींनी करंजीकडं. मॅडमनी पिशवीतून संमतीपत्र काढलं आणि निरांजन तेवत असताना सगळंच्या सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. नकार द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, हे वाक्य भावाकडं बघत दोनदा वाचलं. त्यानं सही केली. रक्त मी काढलं. एवढा मोठा बागायतदार, पण सुई बघताच त्यानं डोळे मिटले.

चार दिवसांनी आम्ही उत्तर घेऊन गेलो. मॅडमनी आधी त्याला बाजूला घेतलं. "दादा, तुझं तुला एकट्याला सांगायचं असतं. वहिनींसमोर सांगू का?"

"सांग की. माझं काय लपवायचंय?"

"आज तुला ताप नाही. पण रक्तात खूण आहे. चिकुनगुन्या तुला आधीच होऊन गेलाय."

"मला? मला कवा झालाय?"

वहिनी आतून परातीसकट बाहेर आल्या. "त्ये ट्रॅक्टरवरनं उडी मारली म्हून गुडघं धरल्यालं, त्ये कवाचं?" त्या म्हणाल्या. "अंथरुणातनं उठत न्हवता. ताप हुता. ट्रॅक्टरला शिव्या देत हुता."

भाऊ बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिला.

"तो तुझ्याकडून त्यांच्याकडं गेला की त्यांच्याकडून तुझ्याकडं आला, ते माझं यंत्र सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या घरात तो पाहुणा येऊन गेलाय, एवढं नक्की सांगतं. आणि तुझ्या गोठ्यामागच्या पिंपाला झाकण नाही."

भावानं फोन काढला. बहिणीसारखाच तोही स्पीकरवर बोलणारा. पलीकडं सिद्धू होता. "सिद्धू, क्षमा असावी बाबा," तो म्हणाला. "क्षमावणी झाली, पर ह्याला तिथ लागत न्हाई. कवा येताय? रान मोकळं हाय. गावाचं मी बघतो." गावाचं त्यानं खरंच बघितलं. पारावर बसून स्वतःच्या गुडघ्यांची गोष्ट तो इतक्या जणांना सांगत सुटला की आणखी चार-पाच जणांना आपापले जुने गुडघे आठवले.

मधल्या काळात मला गावाजवळ, शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत नोकरी मिळाली होती. आईचं वय झालं होतं, जायलाच हवं होतं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जा. पण तिथं शिरवळकर म्हणून सगळेच असतील, तुम्हाला ओळखणार कसं?" आणि नाक शिंकरायला वळल्या. सांगली सोडायच्या दिवशी त्या भावाच्या रानात आहेत असं कळलं, म्हणून मी मोटारसायकल तिकडं वळवली.

कळप नुकताच उतरला होता. घोड्यांवरची बिऱ्हाडं सोडली जात होती, कोकरं ओरडत होती. मॅडम बांधावर मायाक्काच्या शेजारी बसल्या होत्या. मायाक्कानं त्यांचं मनगट हातात घेऊन बघितलं.

"रंग उडाला की वं बाई."

"महिनाभर निघत नव्हता. साबण संपले," मॅडम म्हणाल्या. या पट्ट्यांची गोष्ट त्यांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक बैठकीत सांगितली होती, मला वस्तीनं बाजाराला काढलंय म्हणून. "पुरी झाली ना माझी शिक्षा?"

"शिक्षा? कसली शिक्षा?"

"मला कापायला काढलं होतं ना तुम्ही."

मायाक्का त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तिनं हात लांब करून जवळच्या एका मेंढीची मान धरली आणि लोकर बाजूला सारली. खाली दोन हिरवे पट्टे होते. शेजारच्या मेंढीलाही होते. मग मला ते सगळ्या कळपाच्या मानेवर दिसायला लागले.

"बाजारचा रंग तांबडा आसतुया, पाठीवर," मायाक्का म्हणाली. "ही आमच्या घरची खूण हाय, बाई. दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी आपलं वळखू यावं म्हून. ह्या खुणेचं चुकलं-हरवलं तर आमी हुडकत जातो."

ज्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं त्या मॅडम मनगटाकडं बघत राहिल्या. मग चष्मा काढून पदरानं पुसला, आणि पुसलेलाच पुन्हा पुसला.

"शिरवळकर, माझा डबा आणा जीपमधून," त्या म्हणाल्या. "ऊन उतरलं."

ऊन अजून चांगलं कासराभर वर होतं. मी डबा आणून दिला, पाया पडलो आणि गाडीला किक मारली. बांधाच्या वळणावर मागं बघितलं तेव्हा डबा तसाच बंद होता. मॅडम बाही वर करून बसल्या होत्या आणि मायाक्का रंगाच्या डब्यात बोटं बुडवत होती.